रोलरप्पाची अर्धी प्रदक्षिणा

कवळगाव क्रॉसवर चार दिशांचे चार रस्ते येतात अन् एकमेकांच्या अंगावर पडतात. एक बीदरचा, एक उदगीरचा, एक बसवकल्याणकडचा, अन् चौथा चिंताकीकडं जाणारा. तो रस्ता आहे असं सरकार म्हणतं, म्हणून आपणही म्हणायचं. इथनं गाडी काढायचा नियम साधा होता. ज्याचा हॉर्न मोठा तो पुढं. हॉर्न सारखे निघाले तर ज्याची गाडी जुनी तो पुढं, कारण त्याला ओरखड्याची फिकीर न्हाई. हे सगळ्यांना पाठ होतं. ठोकाठोकी व्हायची, शिव्या व्हायच्या, मग समोर राजपालअण्णाच्या हॉटेलात चहा व्हायचा अन् चहा संपायच्या आत दोन्ही पार्ट्यांचं कुठलं तरी नातं निघायचं.

ह्या सुरळीत कारभारात बिघाड आला तो ज्युनियर इंजिनेर गिरिधरच्या डोक्यात सर्कल शिरल्यावर.

गिरिधर मूळचाच अस्वस्थ माणूस. बसला की गुडघा हलवणार, उभा राहिला की खिशातल्या किल्ल्या वाजवणार. नोकरीला लागल्यापासनं त्यानं खड्डे बुजवले होते, बुजवलेले खड्डे पुन्हा खणले होते, मोऱ्या बांधल्या होत्या. पण स्वतःच्या डोक्यातनं निघालेली एखादी गोष्ट जमिनीवर उभी राहिलीय, असं अजून एकदाही झालं नव्हतं. आता सर्कल सुचल्यापासनं तो जेवताना ताटात मिठाभोवती आमटी फिरवायचा. त्याची बायको हर्षिता शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, जेवा की हो, भाताला वाट पुसायची न्हाई.

खात्यानं क्रॉसवर सिग्नल बसवायचं ठरवलं होतं. गिरिधरचं म्हणणं असं की इथं लाइट सकाळी जाते ती दुपारी येते, अन् आली की घाबरून परत जाते. लाइट गेलेला सिग्नल म्हणजे चार खांब अन् चार कावळे. सर्कलला लाइट लागत न्हाई, पोलीस लागत न्हाई. मध्ये गोल बांधायचा, सगळ्यांनी त्याला उजव्या हाताला ठेवून एकाच दिशेनं फिरायचं, आपला रस्ता आला की बाहेर पडायचं. कुणी थांबत न्हाई, कुणी कुणाच्या समोर येत न्हाई.

बीदरचे मोठे साहेब किरणकुमार यांनी हे सगळं ऐकून घेतलं अन् कन्नडात एवढंच म्हणाले की बांध. श्रावणात मी बघायला येतो. गाड्या फिरल्या तर सर्कल ठेवू. न्हाई फिरल्या तर फोडायचं, सिग्नल लावायचा, अन् फोडायला पहिली कुदळ तूच घालायची.

त्या दिवसापासनं गिरिधरचे दोन्ही गुडघे हलायला लागले.

सर्कल बांधणं सोपं होतं, मध्ये काय ठेवायचं हे अवघड होतं. आमच्याकडं सर्कल म्हटलं की पुतळा, अन् पुतळा म्हटलं की तीन मंडळं. तिन्ही मंडळं आली. तिघांचे तीन महापुरुष, तिघांचे हार आधीच विकत घेतलेले. गिरिधरनं तिघांनाही बघू म्हटलं अन् रातोरात डोकं चालवलं. खात्याच्या आवारात निजामाच्या काळातला एक दगडी रोलर पडून होता, पूर्वी बैलं जुंपून रस्ता दाबायला वापरायचे तसला. काळा, गुळगुळीत, छातीएवढा लांब. गिरिधरनं तो क्रेननं उचलून सर्कलच्या मधोमध उभा केला. त्याला जात न्हाई, पक्ष न्हाई, कन्नड-मराठी न्हाई. रस्त्याचा मान रस्त्यालाच.

रोलरच्या बुडाला सिमेंटचं गोल आळं केलं, भोवती लॉन लावलं अन् कडंनं दगडी कठडा बांधला. लॉनला घातलेलं पाणी साचू नये म्हणून आळ्याला एक पन्हळ काढली अन् ती कठड्यातनं रस्त्याकडंच्या गटारीत सोडली. जमिनीचा उतार उत्तरेला होता, म्हणून पन्हळही उत्तरेला.

आता उभा काळा गोल दगड, खाली आळं, अन् उत्तरेला पन्हळ. शेंबड्या पोरालाही समोर काय दिसायलंय ते कळलं असतं. पण गिरिधर पडला इंजिनेर. त्याला रोलर, आळं अन् पन्हळच दिसत होती.

त्यानं हौसेनं हर्षिताला दाखवायला नेलं. ती जरा वेळ बघत उभी राहिली अन् तिनं चपला काढल्या.

"चपला कामून काढल्यास?" गिरिधरनं विचारलं.

"काय की," ती म्हणाली. "आपोआपच निघाल्या."

जेठात सर्कल चालू झालं अन् पहिल्याच दिवशी गिरिधरच्या लक्षात आलं की गोल बांधता येतो, पण माणसाला गोल फिरवता येत न्हाई. ज्याला उजवीकडं जायचं तो थेट उजवीकडंच वळायचा, अन् समोरनं येणाऱ्याला शिव्या द्यायचा. गिरिधर तोंडात शिट्टी धरून इकडनं तिकडं पळत होता. दुपारच्याला चिंताकीकडनं व्यंकट ट्रॅक्टर घेऊन आला अन् नेमका उलटा घुसायला लागला. गिरिधर आडवा झाला. व्यंकट काही भांडखोर न्हाई, त्यानं ट्रॅक्टर बंद केला अन् शांतपणे विचारलं, "साहेब, मला बीदरला जायचंय. बीदरचा रस्ता हितनं दिसायलाय. मग दिसणारा रस्ता सोडून मी असा वळसा घालून कामून जाऊ?"

गिरिधरनं सगळं शास्त्र सांगितलं. व्यंकट मान हलवत होता अन् ट्रॅक्टर तसाच उलटा उभा होता. मागं हॉर्नचा गदारोळ. शेवटी गिरिधरचा धीर सुटला.

"अरे, देवाला प्रदक्षिणा घालतोस का न्हाई? तशी घाल. उजव्या हाताला ठेव अन् फिर."

व्यंकटनं गोलाच्या आत बघितलं. रोलर बघितला, आळं बघितलं, पन्हळ बघितली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली अन् म्हणाला, "असं सांगा की मग. उगं शास्त्र कामून सांगायलाव?"

त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला अन् असा सुरेख फिरवला की परीक्षकानं मार्क द्यावेत. त्याचं बघून मागचे फिरले. राजपालअण्णाच्या हॉटेलात ही गोष्ट गेली अन् तिथनं चारी रस्त्यांनी चार दिशांना गेली. दोन दिवसांत लाल बस, टमटम, शेरडं भरलेले टेम्पो, सगळे गोलाला उजव्या हाताला घेऊन गप फिरायला लागले. गिरिधर हॉटेलच्या बाकड्यावर बसून बघायचा अन् त्याचा गुडघा हलायचा थांबायचा. राजपालअण्णा तेवढा नाराज होता. गाड्या थांबत न्हाईत, मग चहा कोण पिणार, असं त्याचं रास्त म्हणणं होतं.

राजपालअण्णाची काळजी रोलरालाच होती जणू. आठवड्याच्या आत दगडाला हळद लागली. मग बेल आला. रस्त्याकडंला मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या नागूबाईनं मेथी बंद करून नारळ मांडले. देवाचं नावही कुणी न ठेवता पडलं, रोलरप्पा. नवी गाडी घेतली की आधी रोलरप्पाला आणायची चाल पडली. गिरिधरनं घाईनं पाटी लावली, मराठीत अन् कन्नडात, की हा देव नसून खात्याचा रोलर आहे. दुसऱ्या दिवशी पाटीलाही हार होता.

इथपर्यंत गिरिधरनं सोसलं. देव तर देव, गाड्या फिरताहेत ना. पण एका सकाळी एक मोटारसायकलवाला गोलाला अर्धा वळसा घालून पन्हळीपाशी आला, तिथं थांबला, हात जोडले, अन् गाडी वळवून आल्या वाटेनं उलटा निघाला. त्याच्या मागचाही तसाच वळला. त्याच्या मागचाही. समोरनं हैदराबादची लॉरी येत होती, तिला ह्यातलं काही ठाऊक न्हाई.

गिरिधर शिट्टी फुंकत धावला. नागूबाईनं त्याला नारळाच्या ढिगाआडनंच थांबवलं.

"त्यांना कामून रागं भरायलास, लेकरा? महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा अस्ती. पन्हळ ओलांडू न्हाई. शिकला-सवरलेला माणूस तू, एवढं ठाऊक न्हाई व्हय?"

त्याला ठाऊक होतं. लहानपणापासनं वडिलांचं बोट धरून तोही देवळात पन्हळीपर्यंत जाऊन मागं वळत आला होता. पण स्वतःच्या नकाशात पन्हळ काढताना हात असा सरळ चालला होता की मधे देव आडवा आलाच न्हाई.

मग जे सुरू झालं त्याला वाहतूक म्हणवत न्हाई. श्रद्धाळू अर्ध्यातनं परतायचे, अडाणी पुढं जायचे, अन् दोघं पन्हळीपाशी नाकाला नाक लावून उभे राहायचे. देवाला पाठ दाखवू नये म्हणून एका बस ड्रायव्हरनं भरलेली बस अर्धा गोल रिव्हर्समध्ये नेली, कंडक्टर मागच्या दारात लोंबकळून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतोय अन् आतल्या म्हाताऱ्या डोळे मिटून बसल्यात. लग्नसराईच्या शेवटच्या मुहूर्ताला तर कहर झाला. नवरीची जीप पन्हळीपाशी वळली, गर्दीत अडकली, अन् गर्दीनं तिला ढकलत ढकलत माहेरच्याच रस्त्याला लावलं. नवरीची आई नुकतीच रडून, तोंड धुऊन, जेवायला बसली होती. तिला उठून परत रडावं लागलं.

राजपालअण्णानं तेवढं दुसरं बाकडं टाकलं.

गिरिधरची झोप उडाली. रात्री तो अंथरुणात उजवीकडं वळायचा, मग दचकून परत डावीकडं. हर्षिता म्हणाली, "तुम्ही बी अर्धीच घालायलाव की." तिला हसू आलं, त्याला आलं न्हाई. साहेबांची तारीख कळली होती. श्रावणातला तिसरा सोमवार. बीदरात बसून कन्नड कॅलेंडर बघून त्यांनी नेमका तोच दिवस काढला होता. सोमवारी सगळा तालुका रोलरप्पाला येणार, सगळा तालुका अर्ध्यातनं वळणार, अन् साहेबांसमोर गिरिधरच्या हातात कुदळ येणार.

रविवारी तो नागूबाईपुढं जाऊन उकिडवा बसला. आडून आडून विचारलं की पन्हळ ओलांडायला काही तोड असते का. नागूबाई म्हणाली, असती की. पन्हळ उघडी असंल, पाणी दिसत असंल, तर ओलांडायची न्हाई. झाकलेली असंल तर काय न्हाई, खुशाल पुरी घाला.

गिरिधरला तिचे पाय धरावे वाटले. त्यानं लगोलग मजूर बोलावला, पन्हळीच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबला, वरनं सिमेंट थापलं अन् अख्खी पन्हळ फरशीखाली झाकून टाकली. स्वतः उभं राहून करून घेतलं. सूर्य मावळायच्या आत उत्तरेला पन्हळ होती ह्याचा मागमूस उरला नव्हता.

हे सगळं हॉटेलच्या बाकड्यांवरनं वीस-पंचवीस माणसं बघत होती. अन् त्यांना गिरिधरच्या मनातलं काय ठाऊक. त्यांना एवढंच ठाऊक होतं की तीन आठवडे पावसाचा थेंब न्हाई, सोयाबीन माना टाकायलंय, अन् साहेबानं स्वतः उभं राहून महादेवाची पन्हळ बुजवली. आमच्या भागात महादेवाची पन्हळ एकाच कामासाठी बुजवतात. पाऊस रुसला की महादेव कोंडायचा. पाणी जायची वाट बंद करायची अन् पिंड बुडेपर्यंत गाभारा घागरींनी भरायचा. देवाचा जीव पाण्यात गुदमरला की तो वर निरोप धाडतो अन् पाऊस पडतो.

हॉटेलात चहाच्या बशा खाली आल्या. मग व्यंकट म्हणाला, "सरकारी माणूस असून त्यानं मनावर घेतलं बगा. अन् आपण शेतकरी असून नुसतं चहा प्यायलाव."

सोमवारी सकाळी किरणकुमार साहेबांची जीप सर्कलच्या कडंला लागली तेव्हा गिरिधरनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तर समोर त्याच्या स्वप्नातलं सर्कल. बस येत होती, गोल फिरत होती, बाहेर पडत होती. पन्हळ दिसत नव्हती म्हणून कुणी वळत नव्हतं. लॉरी, टमटम, मोटारसायकली, सगळे पाण्याच्या भोवऱ्यासारखे एकाच अंगानं. साहेबांनी कमरेवर हात ठेवले अन् पहिल्यांदाच मान डोलावली. गिरिधरचे दोन्ही गुडघे थांबले.

मग चिंताकीच्या रस्त्यानं पहिला टँकर आला.

त्याच्या मागं डोक्यावर घागरी घेतलेल्या बाया, त्यांच्या मागं कॅनवाल्या मोटारसायकली, त्यांच्या मागं दुसरा टँकर. व्यंकट पुढं उभा राहून नळी धरत होता. महादेवाचा गजर झाला अन् कठड्याच्या आत पाण्याची धार पडली. साहेबांनी विचारलं, हे काय? गिरिधर म्हणाला, लॉनला पाणी. साहेब म्हणाले, लोकसहभाग चांगला आहे.

पाणी वाढत होतं. लॉन बुडालं. आळं बुडालं. रोलर गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. गिरिधरला कठड्याच्या दगडांतनं घाम फुटलेला दिसला, अन् त्याच वेळी त्यालाही फुटला. कठडा त्यानं माती धरायला बांधला होता, तळं धरायला न्हाई. बोळा काढला तर कठडा वाचेल, पण पन्हळ उघडी पडेल, सगळे अर्ध्यातनं वळतील, अन् सर्कल गेलं. न काढला तर कठडा जाईल, अन् सर्कल तसंही गेलं. शेजारी साहेब म्हणत होते की असं सर्कल आणखी दोन ठिकाणी करू. हे वाक्य ऐकायला तो इतकी वर्षं खड्डे बुजवत आला होता. त्यानं ठरवलं, साहेबांचं वाक्य पुरं होऊ द्यावं.

नागूबाई ओलेती त्याच्यापाशी आली. "अजून वीतभर ऱ्हायलाय देव बुडायला. तिसरा टँकर निघालाय."

तेवढ्यात कठड्याचा एक दगड कुरकुरला.

गिरिधर बुटासकट आत उतरला. पोटाएवढ्या पाण्यात वाकून त्यानं फरशी उचकटली, बोळा चाचपला. पण सरकारी सिमेंट आयुष्यात पहिल्यांदाच पक्कं बसलं होतं. तो श्वास घ्यायला वर आला, परत बुडाला, वर आला, परत बुडाला. बाहेर लोकांना वाटलं, साहेबानं देवासंगं स्वतःलाच कोंडून घेतलंय. बायांनी डोळे पुसले. व्यंकटनं भक्तिभावानं नळी त्याच्या डोक्यावर धरली. गिरिधर पाण्याखालनं ओरडत होता की धार बंद करा, पण वर नुसते बुडबुडे येत होते, अन् बुडबुड्यांनाही लोक हात जोडत होते.

मग कठडा फुटला, तो साहेबांच्याच बाजूनं.

तांबडी माती, लॉन, नारळ, बेल, पाटी अन् ज्युनियर इंजिनेर एका लोंढ्यात बाहेर आले. चारी रस्ते ठप्प झाले. अन् बुडाखालची माती वाहून गेल्यावर इतके दिवस उभा राहून कंटाळलेला रोलर हळूच आडवा झाला अन् ज्या कामासाठी त्याला घडवलं होतं ते करायला लागला. उतारानं तो संथ निघाला. पुढचा चिखल दाबत, सपाट करत, कुठलीही घाई न करता. लोक दोन्ही बाजूंना सरून वाट देत होते, जशी पालखीला देतात. तो थेट साहेबांच्या जीपपर्यंत गेला, बंपरला नुसता टेकला अन् थांबला.

किरणकुमार साहेबांनी रोलरकडं बघितलं. बंपरवर साधा ओरखडा नव्हता. मग त्यांनी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या.

गिरिधर चिखलात बसूनच बघत होता. त्याला कळलं की आता ह्या सर्कलला कुणीही कुदळ लावू शकत न्हाई. साहेबांनी अनवाणी पायानं तिथल्या तिथं निकाल दिला. रोलर परत उभा करायचा. कठडा दुप्पट जाड. पन्हळ उघडी ठेवायची, चांगली दगडात घडवून. अर्ध्यातनं वळणाऱ्यांसाठी वेगळी वाट काढायची. सिग्नलचं त्यांनी नावही घेतलं न्हाई, देवाला लाल दिवा कुणी दाखवावा. अन् पन्हळ बुजवली कुणाच्या परवानगीनं, ह्याचा खुलासा गिरिधरनं द्यायचा.

त्या संध्याकाळी उदगीरकडं पाऊस झाला. कवळगावात थेंब न्हाई. लोकांचं मत पडलं की कठडा मोठ्या साहेबाच्या अंगानं, म्हंजे उदगीरच्याच बाजूनं कच्चा राहिला म्हणून पाऊस बी तिकडनंच निसटला.

गिरिधरचं सर्कल राहिलं. अर्धे गोल फिरत, अर्धे वळत. वळणाऱ्यांची वाट त्यानंच आखली, मन लावून आखली, अन् ती चाललीही ठीक. पण तो हॉटेलकडं फिरकेनासा झाला. त्याला एकाच दिशेनं फिरणारी गाडी बघायची होती, अन् ती त्यानं फक्त एका सकाळी बघितली होती, तीही पहिला टँकर येईपर्यंतच.

दसऱ्याच्या आधी औरादकडची पाच-सहा मंडळी त्याच्या घरी आली. पंचायतीचा तानाजी पुढं होता. त्यांच्याही क्रॉसवर लई ठोकाठोकी व्हायलीय, असं त्यानं सांगितलं. आम्हाला बी एक सर्कल पायजे. गिरिधरनं हात जोडून न्हाई म्हटलं. हर्षितानं चहा आणला. मंडळी उठायला तयार न्हाईत.

तानाजी म्हणाला, "साहेब, तुम्ही कामून भियालाव? आमचा महादेव न्हाई. आमचा मारुती हाय."

गिरिधरचा कप तोंडाशी थांबला. मारुतीला पन्हळ नसते. मारुतीला पुरी प्रदक्षिणा असते. अर्ध्यातनं वळायचं कामच न्हाई. त्याचा गुडघा हळूहळू हलायला लागला.

"पुरी घालतेत ना? मधनं वळणार न्हाईत?" त्यानं विचारलं.

"छ्या, वळतेत कशाला? पुरी. फकस्त शनवारी अकरा घालतेत."

गिरिधरनं हर्षिताकडं बघितलं. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती अन् नको नको अशी मान हलवत होती. दर शनिवारी एकेक गाडी अकरा वेळा. बस, लॉरी, ट्रॅक्टर, सगळे अकरा वेळा. बाजारसुद्धा शनिवारीच भरत असणार.

"पण एकाच दिशेनं?" त्यानं विचारलं.

"एकाच दिशेनं," तानाजी म्हणाला.

गिरिधरनं कप खाली ठेवला अन् पेन्सिल शोधायला आत गेला.